ख्मेर मंदिरांसाठी एकच दिवस: अंकोरमध्ये काय पाहावे आणि काय सोडावे?

गोदाकाठ

नमस्कार. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी, माझे पती, दहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या सासूबाई असे आम्ही चौघे व्हिएतनामच्या सहलीला जोडून कंबोडियातील सिएम रीप येथे जाणार आहोत. विमानांच्या वेळा अशा आहेत की आदल्या दिवशी दुपारी आम्ही तिथे पोहोचतो, दुसरा दिवस पूर्ण मोकळा मिळतो आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच निघावे लागते. त्यामुळे शहराजवळच्या अंकोर परिसरातील मंदिरांसाठी, म्हणजे कंबोडियाच्या जुन्या ख्मेर राजवटीत उभ्या राहिलेल्या मंदिरांसाठी, खऱ्या अर्थाने एकच दिवस हाती आहे.

प्रवास कंपनीने त्या दिवसाचा जो आराखडा पाठवला आहे, त्यात पहाटे अंकोर वाटचा सूर्योदय, मग तेच मंदिर, त्यानंतर अंकोर थॉम नगरातील बायोन आणि बाफुऑन, दुपारी ता प्रोम व प्रे खान, तिथून बांते स्रेई आणि सूर्यास्ताला बाखेंगची टेकडी एवढे सगळे बसवले आहे. कागदावर ते छान दिसते, पण मला त्याची धास्ती वाटते. सासूबाई सपाट जमिनीवर तास-दीड तास सहज चालतात, मात्र उंच पायऱ्या उतरताना त्यांचा गुडघा साथ देत नाही. दुसरीकडे, या सहलीत सर्वांत जास्त उत्सुकता त्यांनाच आहे. आयुष्यभर कीर्तने-प्रवचने ऐकल्यामुळे शरपंजरी भीष्म आणि समुद्रमंथन त्या परक्या देशातल्या भिंतीवर कसे कोरले असेल, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आहे. मुलाला अर्थातच झाडांच्या मुळांनी गिळलेले मंदिर आणि मोठमोठे दगडी चेहरे पाहायचे आहेत. यातले काय ठेवावे, काय वगळावे आणि क्रम कसा लावावा, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पाथरवट

तुम्हाला वाटते ती धास्ती रास्त आहे. ही यादी तीन दिवसांची आहे आणि ती एका दिवसात कोंबली तर एक ना धड भाराभर चिंध्या अशी गत होईल. प्रे खान, बाफुऑन आणि बाखेंग ही तीन नावे मी निःसंकोच खोडेन. त्यातही बाखेंग सर्वांत आधी, कारण तिथे टेकडीची चढण आहे, माथ्यावरच्या मंदिरात एका वेळी तीनशे लोकांनाच सोडतात आणि सूर्यास्तासाठी दुपारपासूनच रांग लागते. नवव्या शतकाच्या अखेरीस ख्मेर राजा यशोवर्म्याने बांधलेले ते मंदिर महत्त्वाचे आहे खरे, पण त्या गर्दीत त्याच्याकडे पाहतो कोण?

सासूबाईंना जे पाहायचे आहे ते अंकोर वाटच्या बाहेरच्या ओवरीत आहे, आणि माझ्या मते तुमच्या दिवसाचा मोठा भाग तिथेच जावा. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्म्याने बांधलेले हे विष्णुमंदिर पश्चिमाभिमुख आहे. खंदक ओलांडून, लांबलचक फरसबंद वाट चालून तुम्ही मुख्य वास्तूपाशी आलात की समोरचा उंच कळस बहुतेकांना खेचून घेतो आणि ते सरळ आत निघून जातात. तुम्ही तसे करू नका. काही पायऱ्या चढून ओवरीत शिरल्यावर उजवीकडे वळा.

पहिलाच पट कुरुक्षेत्राचा आहे. डावीकडून कौरवांची आणि उजवीकडून पांडवांची सेना येते. टोकांना शिस्तीत चालणारे पायदळ मध्याकडे जाताना हळूहळू गुंतत जाते आणि ऐन मध्यावर कोणाचा हात, कोणाची ढाल आणि कोणाचा घोडा हे वेगळे काढता येत नाही. भीष्म डाव्या भागात बाणांवर पडलेले दिसतील, आणि अर्जुनाचा सारथी ओळखण्यासाठी चार हात शोधा. अनेक ठिकाणी दगड हातांच्या स्पर्शाने काळा आणि गुळगुळीत झाला आहे. आता स्पर्श करण्यास मनाई आहे, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातल्या दालनात गोवर्धन उचललेला कृष्ण आहे. तो उंचावर आणि अंधारात असल्यामुळे लोक त्याच्याखालून न पाहताच पुढे जातात. तिथून दक्षिणेच्या ओवरीत वळले की आधी खुद्द सूर्यवर्म्याची मिरवणूक लागते. राजा आसनावर बसला आहे, डोक्यावर छत्र्यांची दाटी आहे आणि शेजारी कोरलेल्या लेखांमुळे सरदारांची नावेही कळतात. त्यापुढे स्वर्ग आणि नरक. रेड्यावर बसलेला अनेक हातांचा यम, त्याच्यापुढे न्यायनिवाड्याला बसलेले धर्म आणि चित्रगुप्त, वरच्या पट्टीत पालखीतून निघालेले पुण्यवान आणि खालच्या पट्टीत बत्तीस नरकांत फरफटत नेले जाणारे पापी. कोणत्या नरकात कोणता गुन्हेगार जातो हे जुन्या ख्मेर भाषेत तिथेच लिहिलेले आहे. कीर्तन ऐकून वाढलेल्या माणसाला या भिंतीपुढे वाटाड्याची गरज पडत नाही.

मग पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथन. हा पट सुमारे ४९ मीटर लांबीचा आहे. डाव्या हाताला ९२ असुर, उजव्या हाताला ८८ देव, मध्ये विष्णू आणि कूर्माच्या पाठीवर मंदार पर्वत. सासूबाईंना खालची पट्टी नीट पाहायला सांगा. कडेचे मासे आणि मगरी शांतपणे पोहत आहेत, पण रवीच्या जवळ येतील तसे ते पाण्याच्या घुसळणीत तुटून त्यांचे तुकडे झालेले आहेत. मला तरी त्या सगळ्या देव-दानवांपेक्षा ते मासे जास्त लक्षात राहिले.

ही सगळी चाल देव डावीकडे ठेवून, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या उलट होते आणि शिल्पपटही त्याच क्रमाने वाचण्यासाठी योजलेले आहेत. त्यावरून हे मंदिर राजाच्या अंत्यविधीशी जोडलेले असावे असा तर्क अनेक अभ्यासकांनी केला आहे, त्यावर वादही आहेत. पुढची ईशान्येकडची शिल्पे सोळाव्या शतकात कोरलेली असून त्यांचा हात स्पष्टपणे उतरलेला आहे, म्हणून ती सोडलीत तरी चालेल. अशा रीतीने अर्ध्या फेरीचे साधारण ४०० मीटर, तेही सावलीत, चालून जवळजवळ सगळे मिळते. लंकेचे युद्ध तेवढे पश्चिमेच्या ओवरीत प्रवेशद्वाराच्या डाव्या हाताला राहते, ते सुरुवातीलाच पाहून घ्यावे.

सूर्योदय मात्र सोडा. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असल्यामुळे मधल्या वाटेवरून पाहताना तो कळसामागून न येता बराच उजवीकडे उगवतो. कळसाच्या माथ्यावर येणारा सूर्य मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपासचा. सकाळी मंदिराचा दर्शनी भाग सावलीत असतो आणि दुपारी तीननंतर तोच उन्हात उजळतो, तेव्हा अंकोर वाट दुपारी ठेवावे असे माझे मत आहे.

नोमपेन्हवासी

नोकरीनिमित्त मी कंबोडियात राहतो आणि भारतातून येणाऱ्या नातेवाइकांना अंकोरला घेऊन जाण्याचे काम आपसूकच माझ्याकडे येते. पाथरवट यांनी शिल्पपटांबद्दल जे लिहिले आहे त्यात भर घालण्यासारखे काही नाही, परंतु वेळेबाबत मी त्यांच्याशी सहमत नाही. सूर्योदय पाहायला आलेली गर्दी सूर्य वर आल्यावर न्याहारीसाठी हॉटेलांकडे परतते आणि साधारण सात ते नऊ या वेळेत ओवऱ्या पुष्कळ मोकळ्या असतात. शिवाय समुद्रमंथनाचा पट पूर्वेच्या ओवरीत असल्याने त्याला सकाळचाच तिरपा उजेड लाभतो. डिसेंबर हा तिथला सर्वांत सुखद काळ असला तरी दुपारी ऊन चटकतेच, आणि दिवसभर फिरून थकलेल्या सत्तरीच्या बाईंना सर्वांत मोठे मंदिर शेवटी दाखवणे मला तरी योग्य वाटत नाही. सूर्योदयासाठी मुद्दाम उठू नका, पण सातपर्यंत तिथे पोहोचा.

तिकिटाविषयी थोडे. एका दिवसाचा पास ३७ डॉलरचा, तीन दिवसांचा ६२ आणि सात दिवसांचा ७२ डॉलरचा आहे. प्रत्येकाचा फोटो पासवर छापला जातो, त्यामुळे एकाचा पास दुसऱ्याला चालत नाही. बारा वर्षांखालील मुलांना पास लागत नाही, मात्र वय दाखवण्यासाठी मुलाचा पासपोर्ट जवळ ठेवा, प्रत्येक मंदिरापाशी तो मागू शकतात. मंदिरांच्या दारात तिकीट मिळत नाही, ते शहरातल्या तिकीट कार्यालयातून किंवा अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावे लागते. संध्याकाळी पाचनंतर कार्यालयात घेतलेला पास दुसऱ्या दिवसाचा धरला जातो आणि त्या संध्याकाळीही आत सोडतात. तुम्ही आदल्या दिवशी दुपारीच पोहोचत असल्याने याचा फायदा घेता येईल. पाचला पास घेऊन अंकोर वाटच्या खंदकाकाठी किंवा स्रा स्रांगच्या तळ्यापाशी जाऊन बसा, एवढे चालणे कोणालाही जड जात नाही. मात्र नवा विमानतळ २०२३ सालापासून शहराबाहेर बराच दूर गेला आहे आणि तिथून शहरात यायला तासभर लागतो, हे हिशेबात धरा.

अंकोर वाटच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, ज्याला तिथे बाकान म्हणतात, बारा वर्षांखालील मुलांना सोडत नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर मोठ्यांनाही परत पाठवतात, आणि बौद्ध उपोसथाच्या, म्हणजे चंद्राच्या तिथीनुसार येणाऱ्या व्रताच्या दिवशी तो मजला बंद असतो. जिना अतिशय उभा आहे. तेव्हा सासूबाई आणि मुलगा खालीच थांबतील हे गृहीत धरा आणि तुम्ही दोघे पतिपत्नी आळीपाळीने वर जाऊन या.

टुकटुक स्वस्त आणि मजेदार असते, पण चौघांना दिवसभर फिरायचे असेल आणि लांबचे एखादे मंदिर घ्यायचे असेल तर वातानुकूलित मोटारच करा. भाडे, थांबे आणि परत येण्याची वेळ आदल्या दिवशी ठरवून टाका. व्यवहार डॉलरमध्ये चालतात, सुटे रिएल या स्थानिक चलनात मिळतात, आणि किंचित फाटलेली वा शाई लागलेली डॉलरची नोट कोणी घेत नाही, म्हणून भारतातून निघतानाच नोटा तपासून घ्या. शाकाहारी जेवण सिएम रीप शहरात सहज मिळते, मंदिरांच्या आवारातल्या टपऱ्यांवर मात्र मासळीचा रस्सा किंवा माशाचे पाणी भाजीतही पडलेले असण्याची शक्यता असते. सासूबाई कडक शाकाहारी असतील तर डबा किंवा केळी बरोबर ठेवा. शहाळी सगळीकडे मिळतात.

वेरुळकर

वरील दोघांनीही बांते स्रेईचा उल्लेख जवळजवळ टाळला आहे, याचे आश्चर्य वाटते. गुडघ्याचा त्रास असलेल्या आणि पुराणकथा तोंडपाठ असलेल्या व्यक्तीसाठी त्याहून योग्य मंदिर त्या परिसरात नाही. ते लहान आहे, सपाट आहे आणि त्याचे कोरीवकाम डोळ्यांच्या टप्प्यात आहे, मान दुखेपर्यंत वर पाहावे लागत नाही. इ. स. ९६७ मध्ये ते प्रतिष्ठापित झाले आणि ते राजाने नव्हे तर यज्ञवराह नावाच्या विद्वान दरबाऱ्याने बांधवले. गुलाबी छटेच्या वालुकाश्मात इतके खोल कोरले आहे की चंदनाच्या पेटीवरचे नक्षीकाम आठवते.

आतल्या चौथऱ्याभोवती दोरी लावलेली आहे, पण आवारातली दोन छोटी ग्रंथालये (अभ्यासकांनी दिलेले नाव, तिथे ग्रंथ होतेच असे नाही) बाहेरून उत्तम दिसतात. दक्षिणेकडच्या ग्रंथालयाच्या पूर्वेच्या त्रिकोणी शिल्पात रावण कैलास हलवतो आहे. आम्ही वेरुळच्या सोळाव्या लेण्यातले तेच दृश्य पाहत मोठे झालो. तिथला रावण खाली अंधाऱ्या कोनाड्यात आहे, त्याचे हात दगडापासून सुटे कोरलेले आहेत आणि सगळे बळ त्या हातांत एकवटले आहे. बांते स्रेईच्या कारागिराने मात्र पर्वतालाच पायऱ्यापायऱ्यांचा मनोरा केला आहे, आणि रावणापेक्षा त्याला त्या पायऱ्यांवरच्या रहिवाशांत अधिक रस आहे. तळाशी हत्ती आणि सिंह पळत सुटले आहेत, वर ऋषी घाबरून एकमेकांकडे पाहत आहेत आणि माथ्यावर पार्वती शंकराला बिलगली आहे. वेरुळचे कैलास आठव्या शतकातले आणि हे दहाव्या शतकातले. कथा तीच, पण मांडणी पूर्णपणे स्वतंत्र. उत्तरेकडच्या ग्रंथालयावर खांडववनाच्या वेळी इंद्राने पाडलेला पाऊस आहे. पावसाच्या धारा सरळ तिरप्या रेषांनी कोरल्या आहेत आणि त्यांच्यावर बाणांचे छत आहे. दुसऱ्या बाजूला कंसवध आहे.

मंदिर सिएम रीपपासून पस्तीसेक किलोमीटर आहे, मोटारीने पाऊण ते एक तास. वाट भातशेतीतून आणि ताडांमधून जाते, ती स्वतःच एक विश्रांती आहे. दुपारच्या आत पोहोचावे, गुलाबी दगड सकाळच्या उन्हात जास्त खुलतो.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. चित्रगुप्त तिथेही हिशेब लिहीत बसला आहे हे ऐकून त्या खूश झाल्या, आणि नरकाचा पट पाहिल्याशिवाय परत येणार नाही असे त्यांनी जाहीर केले आहे. आता प्रश्न असा की सकाळी अंकोर वाट आणि मग बांते स्रेई असे केले तर मुलाच्या वाट्याला काय येईल? ता प्रोम आणि बायोन या दोहोंपैकी एकच शक्य असेल तर कोणते घ्यावे? आणि अंकोर वाटमध्ये समुद्रमंथनापर्यंत गेल्यावर तेवढेच अंतर चालून परत यावे लागेल का?

साल्हेर

मुलासाठी दोन्हींत निवड करायची झाल्यास ता प्रोम. सातव्या जयवर्म्याने ११८६ साली आपल्या आईच्या स्मरणार्थ हा बौद्ध मठ स्थापन केला. तिथल्या संस्कृत शिलालेखात मठाच्या सेवेत नेमलेल्या माणसांची संख्या ७९,३६५ आणि त्यांची ३,१४० गावे नोंदवली आहेत, त्यात ६१५ नर्तकी आहेत. दहा वर्षांच्या मुलाला झाडांबरोबर हे आकडेही आवडतील. जाणत्या माणसांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम गेली वीसेक वर्षे अंकोरची देखरेख करणाऱ्या कंबोडियाच्या अप्सरा प्राधिकरणाच्या जोडीने आपले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण करत आहे, आणि सावरलेल्या नर्तन-दालनाचे लोकार्पण २०२२ साली झाले. झाड काढले तर भिंत पडते आणि ठेवले तर तीच भिंत फुटते, अशा पेचातून एकेक दगड सोडवलेला तिथे प्रत्यक्ष पाहता येतो. बहुतेक वाटेवर लाकडी फळ्यांचा मार्ग आहे. एका दारातून शिरून दुसऱ्या दाराने बाहेर पडायचे आणि गाडी तिकडे बोलवायची, म्हणजे उलटे चालावे लागत नाही.

पाथरवट

नोमपेन्हवासी यांचा समुद्रमंथनावरच्या उजेडाचा मुद्दा मला मान्य आहे. वेळेचा माझा आग्रह मी सोडतो, सूर्योदयाबद्दलचा नाही.

परत चालण्याबद्दल: पूर्वेच्या ओवरीतून मागे फिरण्याची गरज नाही. मंदिराच्या पूर्वेकडून झाडीतून एक मातीची वाट खंदकावरच्या बांधाकडे जाते आणि पलीकडे रस्त्यावर गाडी येऊ शकते. चालकाला सकाळी उतरतानाच तसे सांगून ठेवा, नाहीतर तो पश्चिमेच्या वाहनतळावर तुमची वाट पाहत राहील. ती वाट शांत आहे आणि बरेचसे चालणे झाडांच्या सावलीतून होते.

म्हणजे दिवस असा जमेल: सातला अंकोर वाटच्या पश्चिम दारात, आधी लंकेचे युद्ध, मग उजवीकडची अर्धी फेरी, मध्ये वाटल्यास तुम्ही दोघांनी आळीपाळीने बाकान, आणि दहाच्या सुमारास पूर्वेकडून बाहेर. तिथून थेट बांते स्रेई. वेरुळकर म्हणतात तसा सकाळचा उजेड तिथे थोडा हुकेल, पण मंदिर नाही. त्याच्या आवारातच जेवणाची सोय आहे, डबा असेल तर उत्तमच. परतीच्या वाटेवर अडीच-तीनला ता प्रोम.

बायोन पूर्ण सोडू नका. त्याच्या वरच्या मजल्यावर, जिथे ते चेहरे अगदी समोर येतात, चढण उभी आहे, म्हणून मुलाने वडिलांबरोबर वर जावे आणि सासूबाईंनी तुमच्याबरोबर खालच्या बाहेरच्या भिंतीपाशी, दक्षिण बाजूला थांबावे. त्या भिंतीवर चाम सैन्याशी (आजच्या व्हिएतनाममधल्या चंपा राज्याच्या) झालेले नौकायुद्ध आहे, पाण्यात पडलेल्या सैनिकाला मगरीने धरले आहे, आणि तिच्या खालच्या पट्टीत बाजार भरला आहे. कोणी कोंबड्यांची झुंज लावली आहे, कोणी मोठ्या काहिलीत आख्खे डुक्कर सोडतो आहे, तर एक बाई दुसरीच्या डोक्यातल्या उवा पाहते आहे. राजे आणि देव यांच्यातून आठशे वर्षांपूर्वीच्या साध्या माणसांचा संसार इतका उघडा दिसण्याची संधी अंकोरमध्ये दुसरीकडे कुठे फारशी नाही. ता प्रोमहून अंकोर थॉमच्या पूर्वेकडच्या विजयद्वारातून बायोन अगदी जवळ पडते आणि बहुतेक मंदिरे साडेपाचला बंद होत असल्याने तिथे चारच्या आसपास पोहोचलात तरी पुरते. सासूबाई दमल्या असतील तर त्यांना गाडीत बसू द्या आणि तुम्ही तिघांनी तेवढी भिंत पाहून या.